उन्हाळी शिबिरात ताई-दादा म्हणून जाताय? मग हे वाचून जा

शिबिरात पहिल्यांदा काम करायला येणारे बहुतेक जण खेळांची यादी घेऊन येतात. वही भरून खेळ, मोबाइलमध्ये कागदकामाचे व्हिडिओ, पिशवीत रंग. तयारी चांगलीच आहे, पण खेळ सहसा कमी पडत नाहीत. तारांबळ उडते ती एक खेळ संपून दुसरा सुरू होईपर्यंतच्या वेळात. मुलं भांडतात, धडपडतात, रडायला लागतात किंवा नजरेआड होतात, ती बहुतेकदा याच वेळात. म्हणून या लेखात खेळांबद्दल थोडं आणि या मधल्या वेळेबद्दल बरंच लिहिलंय.

इथे बोलतोय ते दिवसाच्या शिबिराबद्दल. मूल सकाळी येतं, दिवसभर राहतं आणि घरी जातं. मुक्कामी शिबिरापेक्षा हे सोपं असा समज असतो. रात्रीची जबाबदारी नसते हे खरं, पण मूल ताब्यात घेणं आणि परत सोपवणं हे काम इथे रोज करावं लागतं, आणि दिवसभरात काय झालं याची बातमी त्याच संध्याकाळी घरी पोचलेली असते.

शिबिर सुरू होण्याआधी

पहिला प्रश्न विचारा: माझ्या गटात किती मुलं, कुठल्या वयाची आणि माझ्या जोडीला कोण? नियम देशोदेशी वेगळे आहेत. अंदाज यावा म्हणून अमेरिकन कॅम्प असोसिएशनचं दिवसाच्या शिबिरांचं प्रमाण सांगतो: ४-५ वर्षांच्या ६ मुलांमागे एक मोठं माणूस, ६ ते ८ वर्षांच्या ८ मुलांमागे एक, ९ ते १४ वर्षांच्या १० मुलांमागे एक. सहा वर्षांची वीस मुलं तुमच्या एकट्याच्या हवाली करणार असतील तर पहिल्या बैठकीतच तोंड उघडा. नवीन आहोत, कसं बोलायचं, असा संकोच करू नका. शिबिर सुरू झाल्यावर माणूस वाढवून मिळणं कठीण असतं.

दुसरं काम कंटाळवाणं आहे आणि तेच सगळ्यात जास्त टाळलं जातं: प्रत्येक मुलाचा फॉर्म वाचणं. ॲलर्जी, दमा, फिट येण्याचा त्रास, चालू असलेली औषधं, न्यायला कोण येणार, फोटो काढायला परवानगी आहे की नाही. ज्यांच्या बाबतीत काही विशेष लक्षात ठेवायचंय, त्यांची नावं एका कार्डावर लिहून खिशात ठेवा. ती यादी भिंतीवर लावू नका, एखाद्या मुलाला रात्री काय त्रास होतो हे बाकीच्यांना कळायचं काहीच कारण नाही. जोडीदारालाही हे कार्ड दाखवा. तुम्ही रजेवर असताना त्याला नव्याने शोधाशोध करायला लागू नये.

मग जागा बघा. नुसती नजर फिरवू नका, गुडघ्यावर बसून मुलाच्या उंचीवरून बघा. कुंपणाची खालची फट, टेबलाचा कोपरा, हाताला सहज येणारं बटण हे उभं राहून दिसत नाही. संडासाची कडी आतून अडकली तर बाहेरून कशी उघडायची हे शिबिराच्या आधी करून बघा, आत मूल रडत असताना नव्हे. सकाळी सावली कुठे असते आणि दुपारी कुठे सरकते, पिण्याचं पाणी कुठे आहे, प्रथमोपचार पेटी कोणाच्या ताब्यात असते आणि कुलूप असेल तर किल्ली कुठे असते, रुग्णवाहिका आली तर कुठल्या फाटकातून आत येईल, हेही बघून ठेवा.

पिशवीत शिट्टी, पेन, खडू, एक चेंडू, टिश्यू, मऊ दोरी, जखमेवर लावायच्या पट्ट्या आणि गटाची कागदी यादी. मोबाइलमध्ये यादी असली तरी कागद हवाच. बॅटरी संपते, उन्हात स्क्रीन दिसत नाही, आणि मोबाइलमध्ये डोकं घातलेला दादा मुलांकडे बघतोय यावर कुठल्याही पालकाचा विश्वास बसत नाही.

पहिली सकाळ

फाटकापाशी एक मूल आईच्या ओढणीला घट्ट धरून उभं आहे. आई वाकून समजावतेय, मूल आणखी घट्ट धरतंय. अशा वेळी नवा माणूस हमखास दोन गोष्टी करतो: मुलाचं लक्ष दुसरीकडे वेधून आईला गुपचूप जायला सांगतो, नाहीतर ‘आई आत्ता येईल हं’ म्हणतो. दोन्ही टाळा. गुपचूप निघून गेलेली आई मुलाच्या लक्षात राहते आणि उद्या पकड आणखी घट्ट होते. ‘आत्ता’ म्हणजे किती, हे मुलाला कळत नाही, म्हणून ते दर पाच मिनिटांनी विचारत राहतं.

त्यापेक्षा उकिडवे बसा, मुलाच्या उंचीला या, आणि दिवस क्रमाने सांगा: ‘आधी चेंडू खेळायचा, मग डबा, मग चित्रं, मग गोष्ट. गोष्ट संपली की आई.’ घड्याळ न कळणाऱ्या मुलालाही हा क्रम कळतो. आईला मुलासमोरच नीट ‘येते’ म्हणून जाऊ द्या. आणि लगेच हाताला काम द्या. ‘हे खडू आत न्यायचेत, एकट्याने नेता येतील का तुला?’ खडूंचा डबा दोन्ही हातांत आला की ओढणी आपोआप सुटते. रडणं थांबलं नाही तरी घाबरू नका. रडत रडत खडू नेणारं मूलही शिबिरात आलेलंच असतं.

नावं पहिल्याच दिवशी पाठ करायची. नाव घेऊन मारलेली हाक गर्दीतही ऐकू जाते, ‘ए लाल शर्ट’ला कोणी वळून बघत नाही. नावासोबत चेहऱ्यातलं काही लक्षात ठेवा. कपड्यांवर विसंबू नका, ते उद्या बदलतात. मुलांच्या छातीवर मोठ्या अक्षरात नाव लावायची पद्धत असेल तर ती फक्त शिबिराच्या आवारात वापरा. सहलीला बाहेर नेताना नाव झाका किंवा काढा, कारण नावाने हाक मारणारा अनोळखी माणूस मुलाला ओळखीचाच वाटतो. बाहेर नेताना शिबिराचा फोन नंबर असलेली पट्टी मनगटावर बांधणं बरं.

नियम तीन पुरेत. ताई-दादांना दिसेल असं राहायचं. कोणाला दुखवायचं नाही, हाताने नाही आणि तोंडानेही नाही. शिट्टी वाजली की आहे तिथे पुतळा. तिसरा नियम खेळ म्हणून घोटवून घ्या: पळा, शिट्टी, पुतळा, पुन्हा पळा. पाच-सहा वेळा झालं की अंगात भिनतं. रस्त्याच्या कडेला किंवा पाण्याजवळ ही शिट्टी उपयोगी पडणार आहे, त्यामुळे गंमत म्हणून उगाच वाजवत बसू नका. आणि सांगताना काय करायचं ते सांगा. ‘पळू नको’ यापेक्षा ‘चालत ये’ लवकर समजतं.

मधली वेळ

खेळ अचानक तोडला की निम्मी मुलं ऐकत नाहीत आणि उरलेली ‘अजून एकदा’ म्हणून मागे लागतात. म्हणून आधी कल्पना द्या: ‘अजून दोन डाव, मग पाणी प्यायला जायचंय.’ आणि दोन म्हटलं की दोनच. तिसरा डाव दिलात की उद्यापासून तुमच्या ‘दोन’ला किंमत राहत नाही. खेळ रंगात असतानाच थांबवलेला बरा. कंटाळा येईपर्यंत ताणला तर मुलं स्वतःच पांगायला लागतात, आणि पांगलेली मुलं गोळा करण्यात पुढच्या खेळाचा वेळ जातो.

पुढच्या जागी सगळं मांडून झाल्याशिवाय गट हलवायचा नाही. मुलं बसलीत आणि दादा कागद कापतोय, हे दृश्य प्रत्येक शिबिरात दिसतं, आणि पुढच्या तीन मिनिटांत कोणीतरी कोणाचे केस ओढतं. जोडीदार असेल तर एकाने पाच मिनिटं आधी जाऊन मांडामांड करावी. मात्र दुसऱ्याकडे तेवढा वेळ सगळा गट एकट्याने सांभाळायला येतो, तेव्हा गटाला बसून करायचं काहीतरी द्या.

चालताना एक जण पुढे, एक जण सगळ्यात मागे. नव्या माणसाला पुढे चालायला आवडतं, पण खरं काम मागच्याचं. बुटाची नाडी सुटलेलं, दगड उचलायला थांबलेलं, रुसून मागे राहिलेलं मूल मागच्यालाच सापडतं. जोडीदार नसेल तर मागे तुम्ही राहा आणि पुढच्या मुलांना टप्पे द्या: ‘त्या झाडापर्यंत जा आणि थांबा.’

आता मोजणी. जागा सोडताना, नवीन जागी पोचल्यावर, संडासाहून आल्यावर, गाडीत चढताना आणि उतरताना मोजायचं. आवाजावर विसंबू नका. मुलांना क्रमाने आकडे म्हणायला लावले की एखादा मित्र दुसऱ्याच्या वतीने ओरडतो आणि हजेरी पूर्ण भरते. चेहरे मोजा, शक्यतो खांद्याला हात लावून. आणि मोजण्याआधी स्वतःला विचारा: आत्ता किती असायला हवीत? सकाळी चौदा होती, एक दुपारी लवकर घरी गेला, एक गुडघ्याला मलम लावायला ऑफिसात आहे, म्हणजे बारा. हा बदल त्या क्षणी कागदावर लिहा. ‘लक्षात राहील’ म्हटलेलं राहत नाही.

आकडा कमी आला तर पुन्हा एकदाच मोजा आणि लगेच प्रमुखांना कळवा. शोधायच्या नादात उरलेली मुलं वाऱ्यावर सोडायची नाहीत. गट खाली बसवायचा, एक मोठं माणूस त्यांच्यापाशी, बाकीचे शोधायला. आधी पाणी: तलाव, हौद, टाकी, जिथे कुठे साचलेलं असेल तिथे. मग फाटक आणि रस्ता. मग संडास, आधीची जागा, चपला काढल्या ती जागा. बहुतेक वेळा मूल चपलांपाशी किंवा विसरलेल्या बाटलीपाशीच सापडतं, तरी सुरुवात पाण्यापासूनच करायची. सापडल्यावर रागवू नका. रागवलात तर पुढच्या वेळी हाक ऐकूनही ते लपून बसेल.

रांग शक्य तितकी टाळा. नळ दोन आणि मुलं बारा असतील तर सगळ्यांना रांगेत उभं करण्यापेक्षा चौघांना नळावर पाठवा, आठ जणांचा खेळ चालू ठेवा. अशा दोन-पाच मिनिटांसाठी साहित्याशिवाय घेता येणाऱ्या गोष्टी खिशात हव्यात: कोडी, नावांच्या भेंड्या, ‘माझ्या मनात काय आहे’ हे वीस प्रश्नांत ओळखणं, एकाने हळूच हालचाल बदलायची आणि बाकीच्यांनी म्होरक्या कोण ते शोधायचं. लहान गटाला तर ‘कुजबुजत दहापर्यंत मोजा’ एवढंही पुरतं. असे सात-आठ प्रकार पक्के येत असले की वहीभर खेळांपेक्षा जास्त कामाला येतात.

खेळ घेताना

नियम अर्ध्या मिनिटात सांगा आणि लगेच एकदा करून दाखवा. सांगताना तुमचं तोंड सूर्याकडे हवं, मुलांची पाठ. उलटं उभे राहिलात तर मुलं डोळे बारीक करून नुसती ऊन सहन करत बसतात.

‘आउट’ होण्याचे खेळ जपून वापरा. संगीत खुर्चीत सगळ्यात आधी बाद होतं ते बुजरं, हळू मूल, आणि उरलेला सगळा वेळ ते बसून असतं. खेळायची गरज त्यालाच जास्त होती. नियम थोडा वाकवा: बाद झालेल्यांचा शेजारी दुसरा डाव, किंवा खुर्ची कमी होत जाते पण मुलं तेवढीच राहतात आणि शेवटी सगळ्यांनी एका खुर्चीला हात लावून मावायचं. हा प्रकार मूळ खेळापेक्षा जास्त रंगतो असं माझं मत आहे. संघ पाडताना दोन कप्तानांना मुलं निवडायला लावू नका. शेवटी उरलेल्या मुलाला ते वर्षभर टोचतं. जन्माचा महिना, बुटांचा रंग, काहीही चालेल.

खेळायला तयार नसलेल्या मुलाला ओढू नका. गुण लिही, वेळ बघ, चेंडू आणून दे. दोन डाव बघितले की बरीचशी मुलं स्वतःहून उठतात. नाहीच उठलं तर न उठू दे.

भांडण झालं तर

आधी दोघांना दूर करा, पाणी प्यायला द्या, श्वास शांत होऊ द्या. मग एकेकाचं ऐका, दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही. कोर्ट भरवायची गरज नसते. कोणी सुरू केलं हे सहसा सापडत नाही आणि सापडून उपयोगही होत नाही. ‘आता चेंडू कोणाकडे राहणार?’ हा प्रश्न जास्त कामाचा. जबरदस्तीने ‘सॉरी’ म्हणायला लावू नका. पडलेली पिशवी उचलून देणं, मोडलेला मनोरा पुन्हा रचायला मदत करणं पुरेसं.

रोज खोड्या काढणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर ओरडलं की त्याला हवं ते मिळतं. आवाज चढवण्याऐवजी चालत त्याच्याजवळ जाऊन उभे राहा. सकाळी भांडण सुरू व्हायच्या आत त्याला जबाबदारीचं काम द्या. हात उचलणं, डबा किंवा पाणी बंद करणं, हसं करणं, कोंडून ठेवणं यांतलं काहीही, कितीही राग आला तरी, करायचं नाही. राग अनावर झाला तर जोडीदाराला खूण करा आणि दोन मिनिटं बाजूला व्हा. ही खूण आधीच ठरवून ठेवा.

ऊन, पाणी, दुखापत

जमलं तर प्रथमोपचार आणि सीपीआरचं (हृदय बंद पडल्यास छाती दाबून आणि श्वास देऊन करायची मदत) प्रशिक्षण घेऊनच या. खालच्या गोष्टी त्याला पर्याय नाहीत.

तहान लागली की पाणी, हा नियम मुलांच्या बाबतीत चालत नाही. खेळात ती तहान विसरतात. दर पंधरा-वीस मिनिटांनी सगळ्यांना पाणी. डोकं दुखतंय, मळमळतंय, गळून गेल्यासारखं वाटतंय असं मूल म्हणालं तर सावलीत झोपवा, कपडे सैल करा, घोट घोट पाणी द्या. मूल गोंधळल्यासारखं बोलतंय, लडखडतंय किंवा शुद्ध हरपतेय तर तो उष्माघात समजा. यात शरीराचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जातं, आणि अंगाला घाम असला तरी उष्माघात असू शकतो. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत गार पाण्याने अंग थंड करत राहा. अर्धवट शुद्धीतल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नका. ढगांचा गडगडाट ऐकू आला तर झाडाखाली नाही, इमारतीत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर यायचं नाही.

पाण्यातल्या खेळाला एका माणसाचं काम फक्त पाण्याकडे बघणं. तो फोटो काढणार नाही, गप्पा मारणार नाही, टॉवेल वाटणार नाही. बुडणारं मूल सहसा हात हलवत हाका मारत नाही, ते गुपचूप खाली जातं. मुलांच्या जोड्या लावा आणि शिट्टीवर जोडीदाराचा हात वर धरून दाखवायला लावा.

नाकातून रक्त आलं तर मान मागे नाही, पुढे झुकवा आणि नाकाचा मऊ भाग १० मिनिटं सलग दाबून धरा. भाजलं तर २० मिनिटं वाहतं गार पाणी, त्यावर टूथपेस्ट वगैरे नाही. पक्का दात पडला तर मुळाला हात न लावता दुधात ठेवा आणि लगेच दंतवैद्याकडे. दुधाचा दात परत बसवायचा नसतो. डोक्याला मार लागला तर मूल हसत असलं तरी खेळ बंद, पालकांना फोन. उलटी, गुंगी, गोंधळ किंवा वाढती डोकेदुखी दिसली तर थेट डॉक्टर. ॲलर्जीने चेहरा सुजतोय, श्वास अडतोय असं दिसलं तर डॉक्टरांनी त्या मुलासाठी ठरवून दिलेलं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्यायचं, रुग्णवाहिका बोलवायची आणि मुलाला चालवायचं नाही. ते इंजेक्शन कुठे ठेवलंय आणि कोण देणार, हे पहिल्याच दिवशी ठरलेलं असावं. कोणीही कोणाच्या डब्यातलं खायचं नाही, हा नियम त्याचसाठी.

अंतर राखणं

बंद दाराआड एका मुलासोबत एकटं थांबायचं नाही. बोलायचं असेल तर सगळ्यांना दिसेल पण ऐकू येणार नाही अशा जागी बोला. संडासाला तिघा-चौघांना एकदम न्या आणि तुम्ही बाहेरच्या दारापाशी उभे राहा. मिठी मारायला मूल आलं तर ठीक, तुम्ही ओढून जवळ घ्यायचं नाही. मुलांना वैयक्तिक मेसेज नाही, स्वतःच्या खात्यावर त्यांचे फोटो नाहीत. यात मुलाचं रक्षण आहे आणि तुमचंही.

कधीतरी एखादं मूल घरातली किंवा बाहेरची त्रासाची गोष्ट सांगतं. शांतपणे ऐका. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, खोदून खोदून विचारू नका. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस’ एवढं म्हणा, त्याचेच शब्द लिहून काढा आणि त्याच दिवशी शिबिरातल्या जबाबदार व्यक्तीला द्या. खरं-खोटं ठरवणं तुमचं काम नाही.

घरी सोडताना

फॉर्मवर नाव असेल त्याच्याच हाती मूल द्यायचं. मूल ‘मामा!’ म्हणून धावत गेलं तरी मामाचं नाव यादीत नसेल तर नम्रपणे थांबवा आणि आईवडिलांना फोन लावा. लोक चिडतात. चिडू द्या. ‘तुमच्याच मुलासाठीचा नियम आहे’ म्हटलं की बहुतेक जण शांत होतात. कोणी न्यायला उशिरा आलं तर मुलासोबत दोन मोठी माणसं थांबतील असं बघा, आणि उशीर झाल्याबद्दल मुलासमोर पालकांना सुनावू नका.

खरचटलं असेल, भांडण झालं असेल तर ते तुम्ही आधी सांगा. घरी गेल्यावर मुलाकडून कळलं की साध्या ओरखड्याचीही चौकशी होते. आणि एखादी नेमकी गोष्ट सांगा. ‘छान होता आज’ याला अर्थ नाही. ‘आज त्याने एका नव्या मुलाला शिडीवर चढायला हात दिला’ हे पालक घरापर्यंत बोलत जातात.

शेवटचं मूल गेल्यावर दहा मिनिटं थांबा. नोंदवहीत वेळ, जागा, काय झालं, काय केलं, कोणाला कळवलं एवढं लिहा, मतं नकोत. प्रथमोपचार पेटीत काय संपलं ते बघा. विसरलेल्या बाटल्या आणि टोप्या एका खोक्यात टाका. जोडीदाराला एकच विचारा: आज कुठल्या मधल्या वेळेत गोंधळ झाला, आणि उद्या ती वेळ कशी कमी करायची? उत्तर उद्याच्या कागदावर सगळ्यात वर लिहा, पहिल्या खेळाचं साहित्य काढून ठेवा, आणि घरी जाऊन घशाला विश्रांती द्या.